कॉइल घासून स्वच्छ झाली, पण छातीचे काय?

वर्षावासाच्या दिवसांतली गोष्ट आहे. डहाणूतल्या आपल्या एका वस्तीत विहारातली वंदना संपली, मंडळी घरोघरी निघाली, पण एक भगिनी मागे थांबून राहिल्या. सगळे गेल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, जरा घरी येता का? एक वस्तू दाखवायची आहे. मला काही कळेना झालंय."

घरी गेले. गॅसच्या शेगडीशेजारी चहाचे पातेले ठेवलेले होते. पातेल्यात काळपट तपकिरी पाणी आणि तळाशी बोटाच्या पेराएवढी धातूची एक नळकांडी. वास विचित्र होता, करपलेल्या साखरेचा आणि त्यात कसल्यातरी फळाचा. बारावीतला मुलगा दाराशी मान खाली घालून उभा होता. मी विचारल्यावर म्हणाला, "मावशी, ती कॉइल आहे. तिच्यावर काळं बसलं होतं म्हणून उकळून साफ करत होतो. साफ केली की घशाला त्रास होत नाही. आई उगाच घाबरते."

आई म्हणाली, "याच पातेल्यात मी सकाळी धाकटीचं दूध तापवते."

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही. मुलाचे वागणे मला नवीन वाटले नाही. वाईट याचे वाटले की वस्तू स्वच्छ केली की ती निरोगी होते, असे त्याला मनापासून वाटत होते. आपल्या घरांत स्वच्छतेची शिकवण आहे. भांडे लख्ख असावे, कपडा धुतलेला असावा, हे आपण पोरांना लहानपणापासून सांगतो. पण काही वस्तू अशा असतात की त्या कितीही धुतल्या तरी त्यांचे काम विषारीच राहते. ई-सिगारेटची कॉइल ही तशी वस्तू आहे. म्हणून आज आरोग्याच्या पानावर तिच्याबद्दलच लिहिते आहे.

ते काळे नेमके काय असते?

ई-सिगारेट, म्हणजे पोरे जिला 'वेप' म्हणतात ती, दिसायला पेनसारखी किंवा छोट्या डबीसारखी असते. आत एक बॅटरी, एक तारेचे वेटोळे आणि त्याभोवती कापूस. त्या वेटोळ्यालाच कॉइल म्हणतात. घरातली जुनी विजेची शेगडी आठवा. तिची स्प्रिंग लाल होते ना, तसलेच हे काम, फक्त अगदी लहान. कापसात एक पातळ द्रव भिजलेला असतो. ओढले की तार तापते, द्रवाची वाफ होते आणि ती थेट फुप्फुसात जाते.

लोक म्हणतात, "ती नुसती पाण्याची वाफ आहे." हे खोटे आहे. त्या द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन, फळांचे वास आणि गोडी आणणारे पदार्थ असतात. पाक जास्त तापला की पातेल्याच्या बुडाला काळा चिकट थर धरतो, तसाच थर या गोड द्रवाचा तारेवर धरतो. कापूसही करपतो. मग चव कडू लागते, घसा जळतो, धूर कमी येतो आणि पोरगा म्हणतो, कॉइल साफ करायला पाहिजे.

आता स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असलेली एक गोष्ट सांगते. कढईत तेल करपले की त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो, घसा धरतो, खोकला येतो. त्या झोंबणाऱ्या वायूला अ‍ॅक्रोलीन म्हणतात. ग्लिसरीन फार तापले की हाच अ‍ॅक्रोलीन तयार होतो. प्रोपिलीन ग्लायकॉल तापून फॉर्माल्डिहाइड तयार होते. याच फॉर्माल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण म्हणजे फॉर्मेलिन, ज्यात दवाखान्यात आणि कॉलेजात मृत अवयव टिकवून ठेवतात. करपलेल्या तेलाच्या धुराला आपण खिडकी उघडतो. आणि इथे पोरगा तसलाच वायू पैसे देऊन छातीत ओढतो.

साफ करण्याच्या तऱ्हा आणि त्यांचे धोके

पोरे कॉइल तीन तऱ्हांनी साफ करतात. कोणी गरम पाण्यात उकळतात. कोणी स्पिरिटमध्ये बुडवतात. कोणी कापूस काढून नुसती तार लाल होईपर्यंत तापवतात, म्हणजे वरचा थर जळून जातो. तिन्हींत धोका आहे आणि आपल्या एका खोलीच्या घरात तो दुप्पट आहे.

उकळलेल्या पाण्यात निकोटीन उतरते. निकोटीन हे विष आहे. ते पोटात गेले तर बाधतेच, पण कातडीतूनही अंगात शिरते. लहान मुलाच्या पोटात हा द्रव थोडा जरी गेला तरी जिवावर बेतू शकते. म्हणून असले काही खाण्यापिण्याच्या भांड्यात कधीही होता कामा नये. स्पिरिटचे म्हणाल तर त्याची वाफ पटकन पेट घेते. शेजारी गॅस पेटलेला, दार लोटलेले, वर दोरीवर कपडे वाळत घातलेले. पुढचे सांगायला नको. तार लाल करण्याची तऱ्हा तर सगळ्यांत वाईट. आपल्याकडे चिंचणी-डहाणू पट्ट्यात डायमेकिंगचे काम करणारी मंडळी आहेत. त्यांना विचारा. धातू पुन्हा पुन्हा तापवला की त्याचा पृष्ठभाग बदलतो, त्यावर थर येतात, ते सुटतात. कॉइलची तारही निकेल, क्रोमियम, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम अशा धातूंच्या मिश्रणाची असते.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली रोज ई-सिगारेट ओढणाऱ्या ५६ जणांची यंत्रे तपासली. बाटलीतल्या मूळ द्रवात धातू फारसे नव्हते. तोच द्रव कॉइलवरून गेल्यावर निघालेल्या वाफेत मात्र शिसे, क्रोमियम, निकेल सापडले. म्हणजे हे धातू त्या तापणाऱ्या यंत्रातूनच येत होते. त्यातली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जे लोक कॉइल वरचेवर बदलत होते, त्यांच्या वाफेत धातू जास्त असण्याकडे कल दिसला. तेव्हा 'जुनी कॉइल वाईट, नवी किंवा साफ केलेली चांगली' हा हिशेबच चुकीचा आहे. साफ केल्याने चव परत येते, एवढेच. निकोटीन तेवढेच राहते. धातू तेच राहतात. उलट घशाला झोंबणे कमी झाल्याने पोरगा आणखी ओढतो. शरीराने दिलेली सूचना आपणच पुसून टाकतो.

"पण सिगारेटपेक्षा बरी ना?"

हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि तो टाळणे योग्य नाही. विडी-सिगारेटमध्ये तंबाखू जळते, डांबर तयार होते. ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नाही. इंग्लंडसारख्या देशात अनेक वर्षे सिगारेट ओढणाऱ्यांना ती सोडण्यासाठी ई-सिगारेटकडे वळू देतात, हे खरे आहे. पण तिथे काय विकायचे, त्यात किती निकोटीन असावे, यावर सरकारचे नियम आहेत. आपल्याकडे या वस्तूवर बंदी असल्याने जो माल येतो तो सगळा चोरटा. बाटलीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते. अमेरिकेत २०१९ मध्ये वेपमुळे फुप्फुसे अचानक निकामी होण्याची साथच आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिथे २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यांतले ६८ मृत्यू निश्चित झाले. त्यातल्या बहुतेकांनी गांजातल्या नशेच्या द्रव्याचा चोरटा माल वापरला होता आणि त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट या तेलकट पदार्थाकडे मुख्य बोट दाखवले गेले. चोरट्या मालाची ही किंमत असते.

शिवाय आपल्या राज्याची स्थिती पाहा. २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २४.४ टक्के प्रौढ लोक तंबाखू, मिश्री, गुटखा असे तोंडावाटे घेतात. ओढणारे अवघे ३.८ टक्के. आपल्या पोरांपुढे वेप येते तेव्हा ती सिगारेट सोडवायला येत नाही. ज्याने कधी सिगारेट ओढलीच नाही त्याला निकोटीनची सवय लावायला ती येते. वयाच्या विशी-पंचविशीपर्यंत मेंदूची वाढ चालू असते. त्या काळात निकोटीनची सवय लवकर जडते आणि लक्ष लागणे, झोप, चिडचिड या सगळ्यांवर तिचा परिणाम होतो. पहिल्या पिढीत कॉलेजला पोचलेला आपला मुलगा पुस्तक उघडून अर्ध्या तासात उठतो, कारण त्याला 'ओढायची' असते. हे नुकसान कुठल्या एक्स-रेत दिसत नाही.

आपल्याच भागात का?

डहाणू-तलासरी हा सीमेवरचा भाग. आच्छाडपुढे गुजरात सुरू होते. पलीकडे उंबरगाव, वापी, सिल्वासा, दमण. आपली अनेक मुले तिथल्या कारखान्यांत पाळीवर जातात, अनेक जण लोकलने पालघर, बोईसर, विरारकडे शिकायला किंवा कामाला जातात. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गुटख्याच्या, दारूच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचतच असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी टपरीवर पुडी मिळते. ज्या वाटेने पुडी येते, त्या वाटेने उद्या काहीही येऊ शकते. पाळीवर जागायचे असते, ट्रेनमध्ये मित्र असतात, हातात पहिला पगार असतो. दारूचा वास येतो, विडीचा वास येतो, पण स्ट्रॉबेरीचा वास आला तर आईला वाटते पोराने अत्तर लावले आहे.

आपली घरे या दोन तालुक्यांत थोडी आहेत. वारली, कोळी, मच्छीमार, कामगार अशा सगळ्यांच्या मधोमध आपण राहतो. त्यामुळे ही एकट्या आपल्या समाजाची गोष्ट नाही. पण एक घर सावध झाले तर शेजारची चार घरे सावध होतात, हेही तितकेच खरे.

कायदा काय म्हणतो

केंद्र सरकारने २०१९ साली कायदा करून ई-सिगारेट बनवणे, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात या सगळ्यांवर देशभर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

हे सांगण्याचा हेतू पोराला पोलिसांची भीती दाखवणे हा नाही. गुन्हेगार विकणारा आहे, हे पालकांनी ओळखावे, म्हणून सांगते. मित्रासाठी दोन नग आणून देणारा मुलगाही कायद्याच्या भाषेत वाटप करणारा ठरतो, हे मात्र मुलांना स्पष्ट सांगा. गरिबाच्या पोरावर एकदा गुन्हा नोंदवला गेला की नोकरीच्या वेळी तो आडवा येतो.

आधी आपला तवा पाहू

त्या दिवशी मुलगा शेवटी चिडून म्हणाला, "आजी रोज मिश्री लावते, तिला कोणी काही बोलत नाही." घरात एकदम शांतता झाली. त्याचे म्हणणे बरोबरच होते.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. ज्या तव्यावर भाकरी, त्याच तव्यावर तंबाखू. त्या भाजण्याचा धूर खोलीतल्या बाळाच्याही नाकात जातो. गरोदर बाईने मिश्री लावली तर बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका वाढतो, तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर आहेच. माझ्या आईनेही अखेरपर्यंत मिश्री सोडली नाही आणि मीही तिला कधी ठामपणे सांगितले नाही, याची खंत आजही आहे. तेव्हा पोराच्या कॉइलवर बोट ठेवण्याआधी घरातली मिश्रीची डबी, वडिलांची तंबाखूची पुडी, भाऊजींची बाटली यांचाही विचार व्हायला हवा. मुलाला उपदेश आणि मोठ्यांना सूट, असे केले तर तो उपदेश एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देणारच.

पंचशीलातले पाचवे शील आपण दर रविवारी विहारात म्हणतो. कोणी म्हणते, त्यात दारू आहे, वेपचे नाव नाही. शीलाचा अर्थ नावांच्या यादीत शोधायचा नसतो. ज्याने मन प्रमादात पडते, ज्याच्यावाचून माणसाला राहवत नाही, त्यापासून दूर राहणे हा त्याचा गाभा आहे. निकोटीन माणसाला गुलाम करते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा देताना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मद्य न पिण्याचीही प्रतिज्ञा आहे. हजारो वर्षांची गुलामी झटकलेल्या समाजाची मुले एका तारेच्या वेटोळ्याची गुलाम व्हावीत, हे आपल्याला चालेल का?

बुद्धांनी दुःख सांगितले आणि लगेच त्याचे कारण सांगितले. कॉइलवरचा थर हा परिणाम आहे. कारण आहे तलफ, आणि तलफेच्या मागे कधी एकटेपणा, कधी मित्रांचा आग्रह, कधी पाळीचा थकवा. कालामांना तथागतांनी सांगितले ते हेच, की कोणी सांगते म्हणून मानू नका, स्वतः पारखून पाहा. 'यात काही नसते' हे विकणाऱ्याचे बोलणेही पारखूनच घ्यावे.

घरात सापडली तर काय करावे

आरडाओरडा, मारहाण, वस्तीभर बोभाटा करू नका. आजारी पडून घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले, स्वच्छ केले, ही कथा आपण ऐकली आहे. सवयीत अडकलेले पोर हेही आजारीच असते.

द्रवाची बाटली उंचावर, कुलूपबंद ठेवा. हाताला द्रव लागला तर साबण-पाण्याने चांगला धुवा. कॉइल ज्या भांड्यात उकळली ते भांडे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. यंत्र चुलीत किंवा कचऱ्याच्या आगीत टाकू नका, ठोकू नका, भोसकू नका. आतली लिथियम बॅटरी फुटते. ती कोरड्या जागी ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

लहान मुलाने द्रव चाटला किंवा गिळला आणि उलट्या, लाळ, घाम, चेहरा पांढरा पडणे, छातीत धडधड किंवा झटके दिसले तर वेळ घालवू नका. लक्षण दिसले नाही तरी दाखवून या. घरी मुद्दाम उलटी करवू नका. १०८ ला फोन करा आणि डहाणू किंवा कासा येथील उपजिल्हा रुग्णालय, तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. बाटली सोबत न्या.

सोडू पाहणाऱ्याला पहिले काही दिवस फार जड जातात. चिडचिड, डोकेदुखी, झोप न लागणे, भूक वाढणे हे होणारच. दोन ते चार आठवड्यांत ते बरेच ओसरते. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी पिणे, चालून येणे, कोणाशी तरी बोलणे, आनापानाचा अभ्यास येत असेल तर श्वासावर लक्ष ठेवणे, याने निभावते. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन क्रमांक १८००-११-२३५६ आहे. निकोटीनची गोळी किंवा च्युइंगम डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर 'वेपमुळे असेल' म्हणून गप्प बसू नका. थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

माझी एक सूचना आहे. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात भाषणे होतील, भोजनदान होईल. त्यातला अर्धा तास या विषयाला द्यावा. वक्ता बाहेरून आणू नका. दवाखान्यातल्या परिचारिकेला किंवा आशाताईंना बोलवा. मुलांना मागे बसवू नका, पुढे बसवा आणि त्यांना बोलू द्या. आणि त्याच दिवशी घरातल्या एका मोठ्या माणसाने आपली मिश्री किंवा तंबाखू सर्वांसमोर सोडावी. मुलांना शंभर व्याख्यानांनी जे पटणार नाही, ते त्या एका कृतीने पटेल.

त्या घरी मी परवा पुन्हा गेले होते. पातेले नवीन आहे. मुलाने यंत्र आईच्या हाती दिले आहे. मधे एकदा मित्राकडची ओढली, हेही त्याने स्वतःच सांगितले. आजीने मिश्री दिवसातून तीन वेळांवरून एकवर आणली आहे आणि नातवाशी तिची पैज लागली आहे, कोण आधी पूर्ण सोडतो याची. पैज कोण जिंकेल ते सांगता येत नाही. दोघांनीही जिंकावी, एवढीच मंगलकामना.

जय भीम! नमो बुद्धाय!